दाराशी दाटी, आत अडसर



इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गर्दी दिसली, की आपण म्हणतो, डॉक्टर कमी आहेत, जागा अपुरी आहे. पुष्कळदा ते खरेही असते. पण या दुखण्याचे मूळ बहुधा दाराशी नसून आत असते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम हिशेब पाहू. १९६१ साली जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने रांगांचा एक साधा नियम सिद्ध केला. तासाला १० रुग्ण येत असतील आणि प्रत्येकाचे सरासरी ४ तास तेथे जात असतील, तर विभागात सरासरी ४० रुग्ण असणारच. तेच ३ तास लागले तर ३० असतील. एकालाही न परतवता १० जागा मोकळ्या होतात!

मग हा वेळ जातो कोठे? काही तपासणीत, काही रक्ताच्या अहवालात. पण ज्याला दाखल करावयाचे ठरले, तो बहुधा खाटेसाठी खोळंबतो. वरची खाट अडली म्हणून खालचा स्ट्रेचर अडतो, आणि स्ट्रेचर अडला म्हणून दारात आलेला अत्यवस्थ रुग्ण ताटकळतो. मोरी तुंबली असता पाणी ओतणाऱ्यावर रागावून काय उपयोग? बोळा काढला पाहिजे.

नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे याने हुद्दा न पाहता जखम पाहून उपचारांचा क्रम लावला. असा क्रम आजही हवाच. मात्र त्याने रांग न्याय्य होते, आखूड होत नाही.

इंग्लंडने २००० साली चार तासांची मर्यादा जाहीर केली. प्रारंभी मोठी सुधारणा झाली. परंतु चौथा तास भरता भरता रुग्ण हलविण्याची घाईही दिसू लागली. २०१० मध्ये अपेक्षा शेकडा ९८ वरून ९५ वर आणली. जुलै २०१५ नंतर पुढे अनेक वर्षे तीही पुरी झाली नाही. दाराशी घड्याळ टांगून भागत नाही; साऱ्या इस्पितळाने ते पाहावे लागते.

म्हणून वॉर्डातील फेरी सकाळी लवकर व्हावी. उद्या घरी जाणाऱ्याचे कागद, औषधे आणि बिल आजच तयार असावे. आणि आपणही, ‘संध्याकाळी सवडीने नेतो’ असे म्हणू नये. आपण दुपारपूर्वी सोडलेली खाट खाली खोळंबलेल्या कुणाचा तरी जीव वाचवू शकते.