भीतीचा पत्ता चुकतो तेव्हा

श्रोतेहो, जून 2025 मधल्या दोन तारखा आठवून पाहा. 9 जूनच्या सकाळी मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून माणसं रुळांवर पडली आणि किमान चार जण प्राणाला मुकले. तीनच दिवसांनी, 12 जूनच्या दुपारी, अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेचच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातले 242 पैकी 241 आणि जमिनीवरचे 19, अशी 260 माणसं गेली. त्यानंतर विमानाची तिकिटं रद्द करावीत का, अशी चर्चा मी कितीतरी घरांत ऐकली. लोकलचा पास रद्द केल्याचं मात्र एकदाही कानावर आलं नाही.

यात हसण्यासारखं काही नाही. पास रद्द करून माणूस कामावर जाणार कसा? ज्या धोक्यातून रोज जावंच लागतं, त्याला घाबरणं आपल्याला परवडत नाही. मग शिल्लक राहिलेली सगळी भीती आपण वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या विमानाच्या नावावर जमा करतो.

घाबरलो की मराठीत पायाखालची जमीन सरकते. विमानात ती खरोखरच सरकते, आणि तीही आपण पैसे मोजून सरकवून घेतो. तिथं मध्येच उतरता येत नाही की चालकाला ‘जरा हळू घ्या’ म्हणता येत नाही. पॉल स्लोविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांना कोणता धोका मोठा वाटतो याचा अनेक वर्षं अभ्यास केला. जो धोका आपल्या हातात नसतो आणि एका फटक्यात अनेकांचा बळी घेऊ शकतो, त्याचा धसका आपण जास्त घेतो, असं त्यातून दिसलं. रस्त्यावरची मरणं एकेकटी येतात आणि आतल्या पानावर चार ओळींत मावतात. विमानाचं मरण पहिलं पान व्यापतं.

आता थोडे आकडे. सरकारी अहवालानुसार 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. म्हणजे दिवसाला सुमारे 462. अहमदाबादच्या अपघातात जेवढी माणसं गेली, तेवढी आपले रस्ते चौदा तासांच्या आत घेत होते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसांचा जीव गेला. आणि जगभरातल्या विमानांचं काय? विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नोंदीप्रमाणे 2024 मध्ये चार कोटींहून अधिक उड्डाणं झाली. त्यांत जीवघेणे अपघात झाले सात, आणि विमानातल्या 244 जणांचा मृत्यू झाला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक अर्नोल्ड बार्नेट यांनी 2018 ते 2022 या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा दर 1 कोटी 37 लाख प्रवाशांमागे एक मृत्यू असं प्रमाण निघालं. 1968 ते 1977 या काळात ते साडेतीन लाखांमागे एक होतं. नव्या हिशेबाने रोज एक विमानप्रवास करणाऱ्या माणसावर अशी वेळ यायला सरासरी सदतीस हजार वर्षं लागतील.

अर्थात, ही साऱ्या जगाची सरासरी आहे. सगळे देश सारखे नाहीत. शिवाय ज्याच्या घरचं माणूस त्या 260 जणांत होतं, त्याच्या दारी हे आकडे घेऊन जाऊ नये. आकड्यांनी दुःख कमी होत नाही. भीतीही पटकन कमी होत नाही. पण आपली भीती योग्य पत्त्यावर जाते आहे की नाही, हे आकड्यांवरून कळतं.

पूर्वी मुंबईहून जेद्दाहला हजयात्रेची जहाजं जात. ती 1995 मध्ये बंद झाली. तेव्हापासून ज्यांनी आयुष्यात कधी विमान जवळून पाहिलेलं नसतं अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही हजसाठी विमानातच बसावं लागतं. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचं जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मला गाठलं. म्हणाल्या, “बेटा, ऊपर जाने के बाद रुकाने को बोले तो रुकता क्या?” मी म्हणालो, “नाही खाला, पण एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर उतरवता येतं, आणि त्याचा सराव पायलटकडून पुन्हापुन्हा करून घेतात.” त्यांचं समाधान झालं नाही. निघायच्या रात्री त्यांना पोचवायला दोन जीपगाड्या भरल्या. एकेकीत बारा-तेरा माणसं, ड्रायव्हर दिवसभर दुसरं भाडं मारून आलेला, मागच्या बाकांना पट्टेच नाहीत. खालांनी प्रवासाची दुआ म्हटली आणि गाव संपायच्या आत त्या निवांत झोपल्या! त्यांच्या हजच्या साऱ्या प्रवासात सर्वांत धोक्याचा टप्पा कोणता, तर तो मुंबईच्या विमानतळापर्यंतचा. त्याची भीती दोन्ही गाड्यांत कोणालाच वाटली नव्हती.

चुकीच्या पत्त्यावर गेलेली भीती महागात पडते. 11 सप्टेंबर 2001 रोजी अमेरिकेत दहशतवाद्यांनी चार विमानांचं अपहरण करून ती पाडली. त्यानंतर कितीतरी लोकांनी विमान सोडून मोटारीने लांबचे प्रवास सुरू केले. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने पुढच्या बारा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या अंदाजाप्रमाणे या बदलामुळे रस्त्यांवर सुमारे 1,500 माणसं जास्तीची मेली. त्या चार विमानांतल्या प्रवासी आणि कर्मचाऱ्यांच्या संख्येच्या ही सहा पट होते. मरण टाळायला निघालेली ही माणसं होती. त्यांची वेगळी बातमी झाली नाही.

मग विमान इतकं सुरक्षित झालं कसं? माझं उत्तर थोडं उलटं वाटेल. विमानाच्या धंद्यातली माणसं निर्भय आहेत म्हणून नव्हे, तर ती शिस्तीने घाबरतात म्हणून. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं मेली. ‘टेकऑफ’ या एका शब्दाचा अर्थ विमानात एक आणि नियंत्रण कक्षात दुसराच घेतला गेला होता. तेव्हापासून नियंत्रण कक्ष हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारतो. एरवी दुसरे शब्द वापरतात. मी कविता लिहितो. शब्द जपून वापरावा असं आम्ही एकमेकांना सांगत असतो, पण इतकी मोठी किंमत मोजून शब्द जपायला शिकलेले हेच लोक. त्याच अपघातात हाताखालच्या अधिकाऱ्याने व्यक्त केलेली शंका कॅप्टनने बाजूला सारली होती. आता कनिष्ठाने बिनदिक्कत बोलावं आणि वरिष्ठाने ऐकावं, याचंही प्रशिक्षण देतात.

आपल्याकडे 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली आणि 349 जण गेले. त्यानंतर समोरून येणाऱ्या विमानाची सूचना देणारी यंत्रणा भारतात विमानांना सक्तीची झाली. अहमदाबादच्या अपघाताचा प्राथमिक अहवालही महिन्याभरात, जुलै 2025 मध्ये, लोकांसमोर आला.

आता आपल्या गावाजवळचं अपघाताचं वळण आठवा. तिथं दरवर्षी कोणीतरी जातं. आपण हळहळतो, ‘काळ आला होता’ म्हणतो आणि पुढं जातो. ते वळण असं का, तिथं दिवा का नाही, ड्रायव्हर किती तास झोपला नव्हता, याचा अहवाल महिन्याभरात कोणी मागतं का? विमानाच्या अपघातानंतर कारण शोधतात, रस्त्याच्या अपघातानंतर नशीब. जे नशिबावर सोडलं, ते दुरुस्त होत नाही.

म्हणून, श्रोतेहो, ज्यांना विमानाची भीती वाटते त्यांनी लाजू नये. हवाईसुंदरीला तसं सांगावं. विमान हवेत हिसके खातं तेव्हा ते पडत नसतं. पट्टा न बांधलेला प्रवासी मात्र आपटू शकतो, तेव्हा पट्टा बांधून ठेवावा. बाहेर पडण्याची सूचना मिळाली तर सामानाचा मोह सोडावा. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून सर्वच्या सर्व 379 जण जिवंत बाहेर पडले. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. विमानवाले उंट नीट बांधतात.

आपला उंट मात्र रस्त्यावर मोकळा आहे. पुढच्या वेळी कोणाला विमानतळावर पोचवायला निघाल, तेव्हा विमानात बसणाऱ्याची काळजी थोडी कमी करा. गाडीत मावतील तेवढीच माणसं घ्या, मागच्या बाकावरही पट्टा लावा आणि ड्रायव्हरची झोप झाली आहे ना, हे निघण्याआधी विचारा. उशीर होत असला, तरी विचारा.