विहाराच्या अंगणातील दगडांचा हिशोब

(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आजचा आमचा विषय ऐकून काही जण हसतील. बोधिवृक्षाच्या पाराभोवती शोभेचे दगड टाकायचे ठरले आहे. ते किती लागतील आणि किती पैसे लागतील, एवढाच आमचा विषय आहे. मोठ्या विचारांवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. आम्ही गिरणी कामगार, आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते पाळीवरून आल्यावर वाचनालयात. पण गिरणीने एक गोष्ट शिकवली. सूत जाड की बारीक, हे तिथे डोळ्यांनी ठरत नाही. १२० यार्डांची लच्छी मोजून घेतात, काट्यावर तोलतात, मग काउंट सांगतात. अंदाजाला तिथे किंमत नाही.

विहारात मात्र आम्ही अंदाजाने चाललो, आणि त्याची शिक्षा एका निर्दोष माणसाला झाली. ती गोष्ट आज सर्वांसमोर सांगितलीच पाहिजे.

समोरचे अंगण ४० फूट लांब, २० फूट रुंद, म्हणजे ८०० चौरस फूट. त्यावर अर्धा फूट जाड मुरूम पसरायचा होता. ४०० घनफूट झाला. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून ४ ब्रास. हिशोब बरोबर होता. चार ट्रॉल्या आल्या, चार ब्रासचे पैसे गेले. मुरूम पसरला, तर एका टोकाला २० फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टा उघडाच राहिला!

झाले, कुजबूज सुरू झाली. "काऊन गा, मुरूम गेला कुठं?" पैसे कोषाध्यक्षांच्या हातून गेले होते, म्हणून बोट त्यांच्याकडे. तोंडावर कोणी बोलले नाही, पाठीमागे सगळे बोलले. आम्हीही त्यात होतो, हे कबूल करतो. त्या माणसाने वहीची शेवटची ओळ लिहिली, पेटीची किल्ली ठेवली आणि विहारात येणे बंद केले.

पुढे दुसऱ्या कामाला तीच ट्रॉली आली, तेव्हा आम्ही टेप लावला. आतून लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, उंची दीड फूट. गुणाकार केला, ९० घनफूट! दर ट्रॉलीमागे १० घनफूट कमी, चार ट्रॉल्यांत ४०. आणि ४० घनफूट मुरूम अर्ध्या फुटाच्या थराने पसरला तर ८० चौरस फूट झाकतो. बरोबर तोच २० गुणिले ४ चा पट्टा. मुरूम कोणी खाल्ला नव्हता, तो आलाच नव्हता. ट्रॉलीवाल्याला विचारले, तर म्हणाला, "भाऊ, इकडं ट्रॉलीलेच ब्रास म्हणतेत. तुमी मोजली काय?" आम्ही मोजली नव्हती. दोन मिनिटांचे काम केले नाही आणि एका माणसाची इज्जत घालवली. त्यांच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली. आज या सभेतही मागतो.

म्हणून या वेळी दगड येण्याच्या आधी हिशोब सर्वांपुढे मांडतो. पोरांनी वहीत उतरवून घ्यावा.

पार गोल आहे आणि मधे झाड, त्यामुळे त्रिज्या मोजता येत नाही. पाराभोवती दोरी फिरवली, २५ फूट भरली. त्याला ७ ने गुणले, ४४ ने भागले. त्रिज्या जवळजवळ ४ फूट. पारापासून ६ फूट रुंद पट्टा करायचा, म्हणजे बाहेरची त्रिज्या १० फूट. १० चा वर्ग १००, ४ चा वर्ग १६, वजा जाता ८४. त्याला २२ ने गुणून ७ ने भागले की २६४ चौरस फूट. पाराची जागा वजा करायची विसरलो तर ५० चौरस फुटांचे पैसे उगाच जातात.

आता जाडी. २ इंच थर पुरे. इथे पुष्कळ जण फसतात. २ इंच म्हणजे ०.२ फूट नव्हे, २ भागिले १२, फुटाचा सहावा हिस्सा. २६४ भागिले ६, झाले ४४ घनफूट. दबणे-सांडणे यासाठी शंभरी दहा धरा, म्हणजे ४८.४ घनफूट.

गिट्टी ब्रासने मिळते, पांढरे गोटे किलोने. मग तुलना कशी करायची? एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा लाकडी खोका करा, माल भरून तोला. साधारण ४५ किलोच्या आसपास भरतो. दगड आणि आकार बदलला की वजन बदलते, म्हणून आपला माल आपणच तोलावा.

दर रोज बदलतात. आम्ही सांगतो ते आकडे फक्त समजण्यासाठी धरा. समजा, पांढरे गोटे ८ रुपये किलो आणि काळी गिट्टी ५,००० रुपये ब्रास. सगळीकडे गोटे टाकले तर २,१७८ किलो, म्हणजे ५० किलोची ४४ पोती आणि १७,६०० रुपये. पण पाराला लागून फक्त एक फुटाची पांढरी किनार केली, तर ५ पोती पुरतात. २,००० रुपये. बाकीच्या पट्ट्यात गिट्टी, सुमारे ४३ घनफूट, ती २,१६० रुपयांची. एकूण ४,१६०. वाचले १३,४४०! एवढ्या पैशात अभ्यासिकेत किती पुस्तके येतील, ते पोरांनी सांगावे. भाडे, हमाली, जीएसटी दरात धरले की नाही, हे आधी विचारायचे. रॉयल्टीची पावती आणि वाहतुकीचा पास पाहूनच गाडी आत घ्यायची. चोरीचा दगड विहारात नको.

आणखी दोन गोष्टी. प्रदक्षिणेच्या वाटेवरही गिट्टीच टाका, असे काहींचे म्हणणे होते. बुद्धपौर्णिमा ऐन उन्हाळ्यात येते, आपल्याकडे पारा ४५ वर जातो, आणि आपण अनवाणी फिरतो. म्हाताऱ्या मायबहिणींच्या पायांचा विचार करा. पट्ट्याच्या बाहेरून वाट गुळगुळीत फरशीचीच ठेवावी. दुसरे, झाडाखाली सिमेंट किंवा प्लास्टिक अंथरू नये. मुळांना पाणी मिळाले पाहिजे. बुंध्याला दगड खेटवू नये.

आपल्या कुहीहून वैनगंगा ओलांडली की पवनी. तिथे १९६९-७० साली उत्खननात प्राचीन स्तूप निघाले. त्यांच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. सांचीलाही तसेच. एकट्या राजाने नव्हे, सामान्य माणसांनी थोडे थोडे देऊन ते काम उभे केले आणि कोणी काय दिले ते दगडावर राहिले. बाबासाहेबांनी तर १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर आख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या लेकरांना आपल्या पेटीतल्या रुपयाचा हिशोब येऊ नये काय?

आपल्या पेटीतला पैसा महिला मंडळाच्या दहा-दहा रुपयांचा आहे. निंदणाला जाऊन आलेल्या बाईचा तो दहाचा आहे. तिला विचारण्याचा हक्क आहे आणि आपल्याला उत्तर तयार ठेवण्याचे कर्तव्य आहे. संशय घ्यायला अक्कल लागत नाही, टेप लावायला दोन माणसे लागतात.

दगडाची गाडी रविवारी सकाळी येणार आहे. टेपचे एक टोक आम्ही धरू. दुसरे टोक धरायला आमचे जुने कोषाध्यक्ष तयार झाले आहेत, ते आज मागच्या रांगेत बसले आहेत. आकडे फळ्यावर लिहायला नववी-दहावीच्या मुलींनी यावे. चुकले तर तिथेच सांगावे, पाठीमागे नको.

एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो. जय भीम! नमो बुद्धाय!