थोरल्या भावाचे राज्य



ॲनी बेझंट हे नाव आपल्याकडे होमरूलपुरते उरले आहे. टिळकांनी एप्रिल १९१६मध्ये बेळगावला आपली लीग काढली, बाईंनी सप्टेंबरात मद्रासला आपली वेगळी. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना स्थानबद्ध केले आणि त्याच वर्षी त्या कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. शाळेच्या पुस्तकात एवढेच असते. मला आज बोलायचे आहे ते त्यांच्या एका विचाराविषयी. तो मला मान्य नाही. पण तो उथळ नव्हता, आणि तो अजून जिवंत आहे.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याच साली, १८७५मध्ये, न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. चार वर्षांनी तिचे संस्थापक मुंबईत आले आणि १८८२मध्ये मद्रासजवळ अड्यारला स्थिरावले. वंश, धर्म, लिंग, जात, रंग यांचा भेद न मानता विश्वबंधुत्वाचे बीज रोवायचे, हा सोसायटीचा पहिला उद्देश. बेझंटबाई १९०७मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. सगळ्यांत एकच आत्मा आहे, म्हणून सगळे भाऊ, इथवर कोणाचीच तक्रार नसावी.

पण बाई पुढे म्हणत की बंधुत्व म्हणजे समानता नव्हे. घरात थोरले-धाकटे असतातच. प्रत्येक आत्मा अनेक जन्मांतून शिकत येतो. कोणी पुष्कळ पुढे गेलेला, कोणी नुकताच वाटेला लागलेला. तेव्हा जाणत्याने भार उचलावा आणि नेणत्याने त्याचे ऐकावे. थोरल्याच्या वाट्याला हक्क कमी आणि कर्तव्य जास्त, हेही त्या आवर्जून सांगत. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. लंडनमध्ये १८८८ साली काड्यापेटीच्या कारखान्यातल्या पोरींच्या संपामागे उभी राहिलेली ही बाई होती.

या विचाराचे राज्यशास्त्र त्यांच्या ‘कॉमनवेल्थ ऑफ इंडिया बिला’त उतरले. जॉर्ज लॅन्सबरी यांनी ते १९२५मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात मांडले. पुढे ते सरकले नाही. त्यातली मताधिकाराची रचना जिन्यासारखी होती. गावपंचायतीसाठी सगळ्या प्रौढांना मत. त्याच्या वर तालुका, जिल्हा, प्रांत, देश. आणि प्रत्येक पायरीला मतदाराची पात्रता अधिक कडक. गावची विहीर कुठे खणायची हे सगळे ठरवतील, देशाचा कारभार मात्र शहाणे ठरवतील. ऐकायला वाईट वाटत नाही. आजही लग्नाच्या पंगतीत निवडणुकीचा विषय निघाला की चार सुशिक्षित माणसे हेच बोलतात, फक्त त्यांना बेझंटबाई ठाऊक नसतात.

खरी अडचण अशी की, थोरला कोण हे ठरवायचे कोणी? १९०९मध्ये ‘इंडियन रिव्ह्यू’त बाईंनी दलित वर्गांच्या उद्धारावर लेख लिहिला. या वर्गांतल्या मुलांना इतर मुलांच्या शाळेत एकत्र बसवू नये, आधी त्यांना स्वच्छता आणि वागण्याची रीत शिकवावी, असा त्याचा सूर होता. डॉ. आंबेडकरांनी हा मजकूर पुढे आपल्या एका पुस्तकात विस्ताराने उद्धृत केला. अंगावर स्वच्छ कपडे हवेत, पण पाणवठ्यावर जाऊ द्यायचे नाही. अशा स्थितीत धाकटा थोरला कधी व्हायचा?

त्याहून मला खटकते ते वेगळेच. बाई नास्तिक होत्या तेव्हा, १८७८मध्ये, इंग्लंडच्या न्यायालयाने त्यांना आई म्हणून अपात्र ठरवून त्यांची लहान मुलगी काढून घेतली होती. आपल्याहून स्वतःला शहाणा समजणाऱ्याने आपली लायकी ठरवली की काय होते, हे त्या भोगून बसल्या होत्या. तरीही.

आपण मराठी माणसांनी फार हसू नये. वारीच्या वाटेवर आपण शतकानुशतके एकमेकांच्या पाया पडत आलो. पण पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले ते १९४७च्या मे महिन्यात. आत्म्याची बरोबरी उंबऱ्याबाहेर थांबवता येते, हे आम्हाला कोणी अड्यारहून शिकवले नव्हते.

थोरल्या-धाकट्याच्या या प्रश्नाला आंबेडकरांचे उत्तर मला निर्णायक वाटते, कारण ते विषमता नाकारत नाहीत. माणसे शक्तीने, बुद्धीने सारखी नसतात हे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये १९३६ साली ते सरळ मान्य करतात. पण घराणे, शिक्षण, वडिलोपार्जित पैसा यांमुळे पुढे गेलेल्यालाच लायक म्हणायचे, तर शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लागला. त्याआधी, १९१९मध्ये, मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी मिळकतीच्या अटीतली खोच दाखवली होती: ज्यांना धंद्याची दारे बंद आहेत त्यांच्याकडे मिळकत येणार कुठून? राजकारणात भाग घेणे हेच शिक्षण आहे, ते आधी संपवून या, असे म्हणता येत नाही.

आणि थोरल्या भावाचा दाखला द्यायचाच, तर आमचा मिताक्षरा कायदा तरी पाहायचा. एकत्र कुटुंबाचा कारभार कर्ता पाहतो, पण धाकट्याचा हिस्स्यावरचा हक्क त्याच्या जन्माबरोबरच येतो. तो मागताना त्याला कोणी मॅट्रिकचे सर्टिफिकेट विचारत नाही. वाटणी मागण्याचा हक्क हातात असतो म्हणूनच कर्ता जपून वागतो. (मुलींना हा हक्क महाराष्ट्रात मिळायला १९९४ उजाडले, हा आमच्या थोरलेपणाचा दुसरा दाखला.) न्यायी राज्याचा पाया मला इथे दिसतो. राज्यकर्ता सज्जन असणे चांगलेच. पण ज्याच्यावर राज्य चालते त्याला ‘आता पुरे’ म्हणता आले पाहिजे.

१९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यांतले बहुतेक निरक्षर. मताधिकाराचा तो जिना तिथे मोडला, असे आपण समजतो. पण २०१५मध्ये हरियाणाने पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. राजस्थाननेही तशी अट आणली, ती २०१९मध्ये मागे घेतली. महाराष्ट्रात २०१७पासून, १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सरपंचपदासाठी सातवी पास असावे लागते. म्हणजे बेझंटबाईंनी मतापुरती तरी सर्वांना खुली ठेवलेली ती खालची पायरी. तिच्यावर उभे राहण्यासाठीच आता दाखला लागतो, आणि आमदार किंवा खासदार व्हायला लागत नाही. ज्या मुलीला शाळेतून काढून उसाच्या फडावर नेले, तिला शिकवण्याचे काम सरकारचे होते. ते झाले नाही, त्याची शिक्षा सरकारला नाही, तिला. ही अट रद्द झाली पाहिजे, आणि ती मागणी शिकलेल्यांनी करायला हवी.