काजळीची गाळणी

कंदिलाची काच पुसण्याचे काम पूर्वी घरोघर बहुधा मुलांकडे असे. चिमूटभर राख आणि जुन्या धोतराचा तुकडा एवढ्या साधनांनी आदल्या रात्रीची काजळी निघून जाई. एखाद्या दिवशी मुलाने टाळाटाळ केलीच, तर रात्री उजेड पिवळट पडे आणि त्याचा आळस साऱ्या घराला कळे. कंदील आता माळ्यावर गेले. काजळी मात्र गेली नाही. ती डिझेलच्या मोटारीत अजून आहे, आणि तेथे तिची राखण करणे कंदिलाच्या काचेइतके सोपे नाही.

हा प्रश्न काशीच्या रस्त्यावर फार ठळकपणे दिसतो. महाराष्ट्रातून गेलेला यात्रेकरू कँट स्थानकावर उतरतो, टॅक्सी करतो आणि गोदौलियाकडे निघतो. अंतर अवघे चार-पाच किलोमीटर; पण वाटेत रिक्षा आहेत, हातगाड्या आहेत, कोणाची तरी वरात आहे, आणि भर चौकात निवांत बसलेली गायही आहे. गाडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. यात्रेकरूला घाई असते दर्शनाची. चालकाचे लक्ष असते समोरच्या फलकावर उजळलेल्या एका पिवळ्या दिव्याकडे. तो दिवा म्हणजे गाडीची काजळीविषयीची तक्रार होय.

1 एप्रिल 2020 पासून भारतात नव्या गाड्यांना ‘भारत स्टेज सहा’ ही मानके लागू झाली. डिझेलच्या प्रवासी मोटारीला आधी किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. एवढी कपात नुसत्या इंजिनाच्या सुधारणेने साधणे कठीण. म्हणून धुराच्या मार्गातच एक गाळणी बसविण्यात आली. तिचे नाव डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. कारखान्यांतील मंडळी तिला नुसते ‘डीपीएफ’ म्हणतात. कल्पना काही नवी नव्हे. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या मर्सिडीज गाड्यांना अशी गाळणी 1985 सालीच बसविली गेली होती.

हिची रचना मधमाशांच्या पोळ्यासारखी असते. चिनी मातीच्या जातीच्या पदार्थात शेकडो बारीक नळ्या असतात. एका नळीचे पुढचे तोंड उघडे व मागचे बंद, तर शेजारच्या नळीचे नेमके उलट. धूर आत शिरतो, पुढे वाट नाही असे पाहून सच्छिद्र भिंतीतून पलीकडच्या नळीत जातो, आणि काजळी भिंतीवर राहते. शंभरातले नव्वदांहून अधिक कण अशा रीतीने अडतात. हे कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाइतके लहान असतात; ते फुप्फुसाच्या अगदी तळाशी पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर 2012 साली कर्करोगकारक ठरविला, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. काशीच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की तेथील धूर लवकर बाहेर पडत नाही.

पण चहाची गाळणीसुद्धा झटकावी लागते. मोटारीच्या गाळणीतील काजळी झटकून निघत नाही, ती जाळावी लागते. या जाळण्याला ‘रीजनरेशन’ म्हणतात. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगाने धावत असली, तर धूर पुरेसा तापतो आणि त्यातील नायट्रोजन डायऑक्साइडच्या साहाय्याने अडीचशे ते चारशे अंशांवर काजळी आपोआप हळूहळू जळते. चालकाला पत्ताही लागत नाही. गाडी सतत रेंगाळत असली, तर इंजिनाचा संगणक दुसरा उपाय योजतो. तो थोडे जादा डिझेल उशिरा सोडतो. ते गाळणीच्या आधी बसविलेल्या उत्प्रेरकात जळते, उष्णता सहाशे अंशांच्या आसपास जाते, आणि दहा-वीस मिनिटांत गाळणी मोकळी होते.

आता गाळणी भरली हे संगणकाला कळते कसे? काजळी कोणी तराजूत घालत नाही. गाळणीच्या पुढे व मागे एकेक बारीक नळी जोडलेली असते, आणि दोन्हीकडील दाबांतला फरक एक मापक मोजतो. काजळी वाढली की फरक वाढतो. परंतु धुराचा प्रवाह मंद असेल तर हा फरक फसवा ठरतो. त्यामुळे गेल्या दहनानंतर किती अंतर तोडले, किती इंधन जळले, इंजिनावर भार किती होता, याचाही हिशेब संगणक ठेवतो. कारखान्यात यंत्र जोडून ‘काजळी इतके ग्रॅम’ असा जो आकडा वाचला जातो, तो या हिशेबातून निघालेला अंदाज असतो. मापकाची नळी चिरली किंवा तीत पाणी साचले, तर निर्दोष गाळणीही भरलेली दिसते आणि भरलेली रिकामी. गाळणी बदलण्याचा भुर्दंड सोसण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मिस्त्रीने ती नळी तपासलेली बरी.

काशीतील चालकाची अडचण आता ध्यानात येईल. दिवसभर त्याच्या खेपा तीन-चार किलोमीटरांच्या. संगणक दहन सुरू करतो, तोच घाटाजवळचा गाडीतळ येतो आणि चालक किल्ली फिरवतो. दहन अर्धवट राहते. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. दर खेपेला सोडलेल्या जादा डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिनाच्या तेलात मिसळतो. तेल पातळ होते, आणि त्याची पातळी वाढलेली पाहून भोळा चालक उलट समाधान मानतो! पिवळ्या दिव्याकडे फार दिवस दुर्लक्ष झाले, तर इंजिन आपली ताकद स्वतःच कमी करते आणि गाडी कारखान्यात न्यावी लागते. काजळीचा ढीग फार साचून एकदम पेटला, तर त्या उष्णतेने गाळणी तडकते किंवा वितळते.

अशा वेळी कोणीतरी सल्ला देतो, “भैया, गाळणी कापून टाका, कटकट मिटेल.” दोन दिवसांचा धंदा बुडालेल्या माणसाला हा सल्ला गोड वाटतो, याचे नवल नाही. कायद्याला तो मान्य नाही, आणि ती काजळी मग त्याच गल्लीत, त्याच्याच मुलांच्या श्वासात जाते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दहनाने जात नाही. काजळी जळून वायू होते. इंजिनाच्या तेलातील क्षार मात्र राख होऊन गाळणीत कायमचे राहतात. म्हणून अशा गाडीला कमी राख देणारे तेलच घालावे लागते, आणि लाखभर किंवा अधिक किलोमीटरांनंतर गाळणी काढून धुवावी किंवा बदलावी लागते.

चालकाला जमण्याजोगा उपाय मात्र साधा आहे. दिवा लागला की बाबतपूरच्या विमानतळाचे किंवा मिर्झापूरचे भाडे घ्यावे, आणि मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने वीसेक मिनिटे गाडी न थांबवता चालवावी. दहन चालू असता रिकाम्या गाडीची घरघर किंचित वाढते, पंखा जोरात फिरतो, तापलेला वास येतो. ही खूण ओळखणारा चालक बाबतपूरला पोचला, तरी चहासाठी लगेच किल्ली फिरवत नाही. वाळल्या गवतावर गाडी उभी राहणार नाही एवढे पाहतो, आणि पंख्याचा आवाज उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवून गाडीतच बसून राहतो.