संगणकाचे घड्याळ का चुकते?



शाळेतला संगणक सकाळी सुरू करावा आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्याने 1 जानेवारी 2009 अशी तारीख दाखवावी, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळ शिक्षकांना असेल. आपण हसतो, तारीख नीट करतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा 2009! मग कुणीतरी म्हणते, 'व्हायरस शिरला असेल', आणि दुरुस्तीवाल्याला बोलावणे जाते. बहुतेक वेळा व्हायरस वगैरे काही नसतो. दुखणे असते साधारण रुपयाएवढ्या एका सेलचे.

संगणकात घड्याळे दोन असतात, हे आधी ध्यानात घ्या. एक त्याच्या मदरबोर्डवर बसवलेले. त्यात क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या गारगोटीच्याच जातीचा, बारीक स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही. तो निम्मा निम्मा करीत गेलात की पंधराव्या खेपेला नेमका 1 उरतो. तोच आपला एक सेकंद. वर्गात मुलांकडून करून घ्या, गंमत वाटेल त्यांना. दुसरे घड्याळ विंडोजसारख्या प्रणालीचे. संगणक सुरू होताना ते पहिल्याला वेळ विचारते आणि पुढे स्वतः मोजू लागते. संगणक बंद केला की दुसरे निजते. पहिले मात्र जागे राहते.

ते कशाच्या बळावर जागे राहते? भिंतीवरचे बटन चालू असेल तर थोडीशी वीज आत येत राहते आणि सेलला फारसे काम पडत नाही. पण आपल्याकडे शाळा सुटली की शिपाईमामा मेन स्विच पाडून जातात. ते योग्यच आहे म्हणा. मात्र मग रात्रभर, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर आठवडेच्या आठवडे, सगळा भार सेलवर. जून उजाडला की घड्याळाच्या तक्रारी का वाढतात, ते यावरून कळेल.

तारीख चुकली तर बिघडले काय, असे कुणी म्हणेल. बोरीवलीच्या एका शाळेत घडलेली गोष्ट सांगतो. घटक चाचणीचे गुण कचेरीतल्या संगणकावर भरले होते. फेरतपासणीनंतर ते प्रयोगशाळेतल्या संगणकावर दुरुस्त केले, आणि त्याचे घड्याळ 2009 सालात अडकलेले! लेखनिकाने दोन्ही फाइली पाहिल्या, 'नवी' तारीख असलेली उचलली आणि प्रगतिपत्रके छापली. गणितात उत्तीर्ण झालेली एक मुलगी नापास ठरली. उत्तरपत्रिका जपून ठेवलेली होती म्हणून निभावले. शिवाय तारीख फार मागे गेली की बँकेची, सरकारी अर्जांची संकेतस्थळेही उघडत नाहीत. त्यांच्या ओळखपत्राची मुदत संगणक आपल्याच घड्याळावरून तपासतो.

तेव्हा चूक किती आहे ते प्रथम पाहा. दर वेळी जुनीच तारीख येते? मग सेल संपला. महिन्याला मिनिटभराचा फरक पडतो? तो स्फटिकाचा स्वभाव. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय चालू केली की झाले. आपल्या देशाची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर राखते.

पण मिनिटे-सेकंद नीट आणि फरक नेमका साडेपाच तासांचा, असे असेल तर सेलला हात लावू नका. घड्याळ बरोबर आहे, गाव चुकले आहे! संगणक ग्रिनिचची वेळ सांगतो आहे. त्याला भारतीय वेळ निवडून द्या. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तरी हा घोटाळा होतो. मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ एकजण स्थानिक समजतो, दुसरा ग्रिनिचची.

मुंबईकरांना हा गोंधळ नवा नाही. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली ती मुंबईच्या वेळेपेक्षा 39 मिनिटे पुढे. लोकांनी विरोध केला, आणि मुंबई महापालिकेने कित्येक दशके आपली जुनी वेळ सोडली नाही. बोरीवली महापालिकेत आली 1957 साली, त्यामुळे ती या भांडणातून सुटली. सूर्य मात्र आजही बोरीवलीच्या डोक्यावर सरासरीने 12 वाजून 39 मिनिटांनीच येतो.

आता सेल बदलण्याविषयी. दुकानात 'सीआर 2032' मागा. 20 म्हणजे 20 मिलिमीटर व्यास, 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. दाब 3 व्होल्ट. टेबलावरच्या संगणकात तो सहसा खाचेत बसवलेला असतो. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, मगच झाकण उघडा. अधिक चिन्हाची बाजू कोणती ते पाहून ठेवा, बाजूची पट्टी दाबली की सेल वर येतो. नवा तसाच बसवा आणि तारीख-वेळ एकदा भरा. मांडीवरच्या संगणकात हा सेल आत दडलेला असतो. ते काम जाणकारावर सोडा.

काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. तो लहान मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी क्षणभर न थांबता इस्पितळ गाठा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या.