भट्टीची ज्वारी, भाकरीची ज्वारी
(कोल्हापूर येथील जिल्हा मेळाव्यातील भाषण)



बिअरला कडू चव येते ती हॉप नावाच्या वेलीच्या बोंडांमुळे. तिकडचा शेतकरी नुसते ‘हॉप’ विकत नाही. साझ हे वाण वासासाठी, मॅग्नम कडूपणासाठी. कडू द्रव्य शेकडा किती, हे तपासून सौदा होतो. आपल्या देशात ही वेल लाहौलच्या थंडीत लावली गेली, कोल्हापुरात ती येणार नाही. पण दारूच्या धंद्याला लागणारे एक पीक आपल्याच रानात आहे. ते म्हणजे ज्वारी. ती मात्र आपण नुसती ‘ज्वारी’ म्हणून बाजारात ओततो.

1988 साली नायजेरियाने बार्लीची आयात बंद केली. तिथल्या बिअर कारखान्यांना ज्वारी घ्यावी लागली. माल्ट करायचे तर दाण्याला मोड आणावे लागतात. बुरशी चढलेला दाणा नीट उगवत नाही. तुरट लाल दाण्यातले टॅनिन मोडातल्या एन्झाइमना अडवते. म्हणजे बिअरला निरोगी, एकसारखा उगवणारा दाणा हवा.

मद्यार्काच्या कारखान्याचे तसे नाही. तो दाणा दळून शिजवतो, एन्झाइम बाहेरून घालतो. त्याला मोड नको, स्टार्च हवा. 2007 साली आपल्या राज्याने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले. पावसात काळी पडलेली खरिपाची संकरित ज्वारी तिथे चालते. पण ‘काळी’ म्हणून भाव पाडूनच! बुरशीने स्टार्च घटतो, संपत नाही. मग किती घटला ते मोजा आणि तेवढाच भाव कापा. कापसाला धाग्याची लांबी बघून भाव लागतो. ज्वारीला नुसता रंग का?

म्हणून पेरणीआधी ठरवा, कोणासाठी पेरतो आहोत. कारखान्यासाठी खरिपाचा संकर पेरायचा असेल, तर घेणारा कोण आणि भाव कशावर, हे आधी लिहून घ्या. पण त्यासाठी रब्बीचे रान मोडू नका. मालदांडीची भाकरी घरात आणि कडबा गोठ्यात लागतोच. हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा, भारी रानात फुले वसुधा, अशी राहुरी विद्यापीठाची शिफारस आहे. आणि वाणे एकत्र मळू नका. मिसळलेल्या पोत्याला नाव नाही, आणि नाव नसलेल्या मालाचा भाव व्यापारीच ठरवतो.

गावी गेल्यावर प्रत्येक शाखेने कोणते वाण किती एकर, याची यादी करावी. पुढच्या बैठकीत त्या याद्या घेऊनच या. भावाची बोलणी तिथून सुरू करू.