थोडक्यातले लग्नकार्य
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात डहाणू येथे केलेले भाषण)



लग्न थाटात करावे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते थोडक्यात कसे करावे हे सांगणारे विरळा. या दुसऱ्या गोष्टीवर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तिचे कारण उघड आहे. शिक्षणासाठी मदत मागणाऱ्या अर्जांत 'थोरल्या मुलीच्या लग्नात पैसा गुंतला' हे वाक्य अलीकडे वारंवार वाचावे लागते. बहिणीच्या मांडवाची किंमत भावाच्या पुस्तकांनी द्यावी, हे कोणत्या शास्त्रात बसते?

लग्नाचे कर्ज माणसाला कोठवर नेते, हे पाहण्यास डहाणू-तलासरीच्या माणसाने दूर जावयास नको. याच मुलुखात 'लग्नगडी' हा शब्द रूढ होता. आदिवासी तरुण लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडी रक्कम घेई आणि ती फेडण्यास पत्नीसह त्याच्याकडे राबे. हिशेब देणाऱ्याच्या हाती, म्हणून फेड संपत नसे. कित्येकांचा जन्म तेथेच सरला. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले व त्यांनी वेठीस नकार दिला. तो लढा गोदावरी परुळेकर यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात सांगितला आहे. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती मात्र १९७६ साली.

वारली लग्नाचा गाभा पाहा. सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी विराजमान होते आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. पीठ, भिंत आणि कंठ! यांसाठी कोणी गहाण पडला नाही. माणसे गहाण पडली ती देज, जेवण आणि दारू यांच्या खर्चापायी.

आपला गाभाही तितकाच लहान आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यात रूढ विधींनी लागलेले लग्न मान्य आहे; सप्तपदीची चाल असेल तेथे सातवे पाऊल पडताच ते पूर्ण होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणीविवाह करणाऱ्यांस तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. पंगतीची संख्या दोन्हींत कोठेही नाही. २०२० साली महामारीमुळे पन्नास माणसांचे बंधन आले, तेव्हा लागलेली लग्ने काही कच्ची ठरली नाहीत.

आता आमचा अनुभव. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही चिकूची वाडी तीन वर्षांच्या मक्त्याने दिली. पैसा हाती आला, सातशे पाने उठली, वाहवा झाली. पुढे आपल्याच झाडाखाली पडलेला चिकू नातवाच्या हाती देताना मक्तेदाराच्या माणसाकडे पाहावे लागले, तेव्हा त्या वाहवेची किंमत कळली. धाकटीचे लग्न अंगणात, साठ माणसांत केले. कर्ज झाले नाही. पण आमच्या चुलत्यांनी सहा महिने बोलणे टाकले. दोष त्यांचा नव्हे. बोलावणार नाही हे आम्ही त्यांस आधी सांगितले नाही, त्यांस ते बाहेरून कळले.

या चुकीतून जे शिकलो ते असे. प्रथम दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून खर्चाचा आकडा कागदावर लिहावा. पाहुण्यांची यादी त्यानंतर. यादी करताना अडीअडचणीस अपरात्री कोण धावून येईल, हा एकच प्रश्न विचारावा. ज्यांना बोलावणार नाही त्यांच्या घरी लग्नाआधी स्वतः जावे, नारळ द्यावा, कारण सांगावे आणि नंतर वधूवरांस पाया पडण्यास न्यावे. पत्रिका किंवा फोनवरचा निरोप हे काम करीत नाही. आहेर घेऊ नये. पूर्वी घेतलेल्या आहेरांची वही घरोघरी असते. ती परतफेड त्यांच्या घरच्या कार्यात विसरू नये, कारण साधेपणाच्या नावाखाली देणे बुडवणे हा साधेपणा नव्हे. शेवटी, वाचलेली रक्कम मुलीच्या स्वतःच्या नावे ठेवावी. ती बापाच्या खिशात राहिली तर काटकसर मुलीच्याच वाट्याची झाली असे होईल.

थाट करणाऱ्यास आम्ही नावे ठेवीत नाही. ज्याची ऐपत आहे त्याने खुशाल करावा. परंतु त्याचा मांडव पाहून शेजारी कर्ज काढतो, हेही त्याने ध्यानी घ्यावे.

मंडळास एक विनंती करून आम्ही बसतो. या स्मरणिकेत विवाहवार्ता छापताना वधूवरांची नावे, गावे आणि शिक्षण तेवढे छापावे. समारंभाचे वर्णन छापू नये. म्हणजे साठ पानांचे लग्न आणि सातशे पानांचे लग्न या पृष्ठांवर शेजारी शेजारी, सारख्याच दोन ओळींत बसतील.